दुधाचे दात आणि दवाखान्यातील उमेदवारी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळवला तो दातांचा, आणि तोही लहान मुलांच्या दातांचा. चालकांपैकी एका मित्राने हसत विचारले, "भाऊ, युनियन सोडून आता दवाखाना काढता की काय?" त्यांना मी जे उत्तर दिले तेच आपणांसही देतो. मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते गेटसभांनी, लेबर कोर्टाच्या बाकांनी आणि सार्वजनिक वाचनालयाने शिकवले. वैद्यकशास्त्र सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु माणूस काम कसे शिकतो, तो शिकत असताना त्याच्याकडून किती काम करून घेतले जाते, आणि त्याच्या शिकण्याचा लाभ कोणाच्या दारापर्यंत पोहोचतो, हे तीन प्रश्न मी आयुष्यभर विचारीत आलो आहे. आजचा विषय या तीन प्रश्नांच्या बाहेरचा नाही.

या विषयाकडे मला एका चार वर्षांच्या मुलीने नेले. मुरबाड तालुक्यातील एका वीटभट्टीवर तिचे आईबाप कामाला होते. कातकरी कुटुंब. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर भट्टीवर आलेले. एके दिवशी मुलीचा गाल सुजला. बापाने दुकानातून गोळी आणून दिली. दोन दिवसांत सूज डोळ्यापर्यंत चढली आणि ताप उतरेना. तालुक्याला इंजेक्शन मिळाले आणि पुढे जाण्याची चिठ्ठी मिळाली. कल्याणला दुसरी चिठ्ठी मिळाली. आणि शेवटी रात्रीच्या लोकलने आम्ही मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पोहोचलो. तिथे पंचविशीतली एक डॉक्टर मुलगी भेटली. तिने तपासले, वरिष्ठांना उठवले, भूलतज्ज्ञांना गाठले. पहाटे त्या पोरीला पूर्ण भूल देऊन पू काढला आणि पाच किडके दात काढले. मुलगी वाचली. सकाळी मी त्या डॉक्टर मुलीला विचारले, "बाई, तुमची पाळी कधी सुरू झाली?" ती म्हणाली, "काका, काल सकाळी. आम्ही मोजत नाही."

बापाचे सात खाडे पडले आणि ते उचलीत चढले. तो हिशेब मला कळत होता, कारण तो माझ्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. परंतु "आम्ही मोजत नाही" हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. गिरणीत बदली कामगार हेच बोलत असे. म्हणून मी शोध घेऊ लागलो की, ही डॉक्टर मुलगी तिथे कोण म्हणून उभी होती? तिला विद्यार्थिनी म्हणावे की कामकरी? आणि लहान मुलाचा दात काढण्यासाठी एवढे मोठे रुग्णालय लागावे, हे कशामुळे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दुधाचे दात वीस. साधारणपणे सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दात दिसू लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते आणि आईला वाटते की हीही दुधाचीच. शेवटची दुधाची दाढ अकरा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहावयाची असते. "दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांची चिंता कशाला?" असे आपण सर्रास म्हणतो. पण जी दाढ अकराव्या वर्षी पडावयाची ती चौथ्या वर्षी सडली, तर मधली सात वर्षे त्या मुलाने चावावयाचे कशाने? शिवाय दुधाच्या दाताचे कवच पातळ असते. कीड लवकर आतल्या नसेपर्यंत पोहोचते, आणि तिथून पू जबड्यात व चेहऱ्यात पसरू शकतो.

मोठा माणूस खुर्चीत तोंड उघडून बसतो. तीन वर्षांचे घाबरलेले, दुखणारे पोर बसत नाही. मतिमंद मूल, हृदयात जन्मतः छिद्र असलेले मूल, रक्त न थांबण्याचा विकार असलेले मूल, आपल्या आदिवासी समाजात आढळणाऱ्या सिकलसेलचे मूल, यांना खुर्चीत बसवून दात उपटणे हे कधी कधी जिवावर बेतते. अशा मुलांना शस्त्रक्रियागृहात भूल देऊन, श्वासाची नळी बहुधा नाकावाटे घालून, एकाच बैठकीत सर्व दातांचे काम करावे लागते. त्याला भूलतज्ज्ञ लागतो, बालरोगतज्ज्ञ लागतो, आणि या दोघांची भाषा समजणारा दंतवैद्य लागतो. असा दंतवैद्य केवळ महाविद्यालयाच्या वर्गात तयार होत नाही. तो रुग्णालयात राहून तयार होतो. आजच्या विषयाचे मर्म एवढेच आहे.

आता इतिहासाकडे वळू. हाताने करावयाचे काम हाताने करूनच शिकावे लागते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माच्या सरावासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. कोहळा, काकडी यांवर छेद घेण्याचा सराव करावा, आणि उपटून काढण्याच्या क्रियेचा सराव फणस, बेल अशा फळांच्या गरावर आणि मेलेल्या जनावरांच्या दातांवर करावा, असे तिथे सांगितले आहे. नुसते ग्रंथ वाचलेला माणूस रोग्याला हात लावण्यास योग्य नाही, हा त्यामागचा विचार. पुढे मात्र ही विद्या ग्रंथात राहिली आणि दात काढण्याचे काम गावोगाव न्हावी, वैदू, जत्रेतले दात काढणारे यांच्याकडे गेले. युरोपातही न्हावीच शस्त्रवैद्य होता. हातकामाला खालचे स्थान देणे हा केवळ आपल्याच समाजाचा दोष नव्हे.

त्यानंतरची कथा अमेरिकेतील एका बंदराच्या शहरात घडली. शहराचे नाव बाल्टिमोर, राज्य मेरीलँड. १८४० साली होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी तिथे दातांच्या शिक्षणाचे पहिले स्वतंत्र महाविद्यालय काढले. दंतवैद्यकाला यामुळे प्रतिष्ठा मिळाली, हे खरे. परंतु त्याच दिवशी दात शरीरापासून वेगळे झाले, असेही म्हणता येईल. वैद्य एका इमारतीत, दंतवैद्य दुसऱ्या इमारतीत. वैद्य रोगी खाटेवर पाहणार, दंतवैद्य खुर्चीवर. आणि गंमत अशी की, ज्या भुलेमुळे आधुनिक शस्त्रक्रिया शक्य झाली ती जगापुढे आणणारे दोघे जण दंतवैद्यच होते. होरेस वेल्स याने १८४४ साली नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. विल्यम मॉर्टन याने १८४६ साली बोस्टनच्या रुग्णालयात ईथरची भूल सर्वांसमक्ष देऊन दाखवली. दंतवैद्याने रुग्णालयाला भूल दिली, आणि स्वतः मात्र रुग्णालयाच्या बाहेरच राहिला.

त्याच बाल्टिमोर शहरात १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले. विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी तिथे तरुण डॉक्टरांना पदवीनंतर रुग्णालयातच ठेवून शिकवण्याची पद्धत बसवली. ते तिथे राहत, म्हणून निवासी. रोग्याच्या उशाशी चोवीस तास उपलब्ध असणे हीच त्यांची शाळा. जगभर 'रेसिडेन्सी' म्हणून जी पद्धत पसरली तिचे उगमस्थान हे. या हॉल्स्टेडचा दातांशीही संबंध आहे. १८८४-८५च्या सुमारास त्याने कोकेन टोचून खालच्या जबड्याची नस बधिर करून दाखवली होती. आज दाढ काढताना जे इंजेक्शन देतात त्याचा मूळपुरुष तोच. हे प्रयोग त्याने स्वतःवरही केले आणि त्यात त्याला व्यसन जडले, ही त्याच्या आयुष्याची शोकांतिका. तो थोर शस्त्रवैद्य होता, याबद्दल वाद नाही. मात्र ज्या पद्धतीत शिकणाऱ्याला झोप, घर, लग्न यांचा विचारच करावयाचा नव्हता, ती पद्धत आपण त्याच्यापासून जशीच्या तशी घेतली, आणि तिचा जमाखर्च पुढे फार उशिरा मांडला गेला.

मुलांच्या दातांकडे लक्ष जाण्यास विसावे शतक उजाडावे लागले. लॉस एंजेलिसच्या मिनी इव्हँजेलिन जॉर्डन या बाईंनी १९०९ पासून केवळ मुलांचेच दात पाहण्याचे ठरवले आणि १९२५ साली या विषयावर पाठ्यपुस्तक लिहिले. बोस्टनमध्ये रबराच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या फोरसाईथ बंधूंच्या नावाने गरीब मुलांसाठी दातांचा मोठा दवाखाना १९१४ साली उघडला. १९४७ साली अमेरिकेत बालदंतवैद्यांची स्वतंत्र अकादमी स्थापन झाली. हळूहळू असे ठरत गेले की, बालदंतवैद्य व्हावयाचे तर पदवीनंतर किमान दोन वर्षे शिकले पाहिजे, आणि त्या काळात काही आठवडे भूलतज्ज्ञांच्या हाताखाली व काही दिवस बालरोग विभागात काढले पाहिजेत. १८४० साली वेगळ्या झालेल्या दोन इमारतींमध्ये मुलांनी असा पूल बांधला.

या बोस्टनच्या दवाखान्याचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. पूर्व बंगालचे डॉ. रफिउद्दीन अहमद १९१५ साली आयोवा विद्यापीठातून दंतवैद्य झाले आणि १९१८ पर्यंत फोरसाईथच्या या मुलांच्या दवाखान्यात काम करीत होते. परत येऊन त्यांनी १९२० साली कलकत्त्यात भारतातील पहिले दंत महाविद्यालय काढले. सरकारी मदत नव्हती. तेव्हा त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे आइस्क्रीमचे दुकान चालवून त्या पैशावर महाविद्यालय उभे केले. गोड विकून दात वाचवण्याची शाळा चालवली, यावर आपण हसाल. मी मात्र नमस्कार करतो. १९४९ साली त्यांनी ते महाविद्यालय राज्य सरकारच्या स्वाधीन केले. म्हणजे भारतीय दंतशिक्षणाच्या जनकाने आपली स्वतःची उमेदवारी मुलांच्या दवाखान्यात केली होती. हा वारसा आपण फारसा सांगत नाही.

मुंबईत असहकाराच्या लाटेत १९२१ साली राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच परिवारातील नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. परळला, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूत, बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचे मुलांचे रुग्णालय १९२९ साली उभे राहिले, आणि गिरणगावातल्या किती पोरांनी तिथे जीव वाचवला त्याचा हिशेब आमच्या जुन्या कामगारांच्या तोंडी आहे. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला, पुढच्या वर्षी भारतीय दंत परिषद स्थापन झाली. १९७९ साली बालदंतवैद्यांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता केल्यावर पदवी. त्यानंतर तीन वर्षे बालदंतवैद्यकात पदव्युत्तर शिक्षण, अशी वाट आपल्याकडे पडली. या तीन वर्षांत उमेदवार शिकतो, शिकवतो, रोगी पाहतो, कागद लिहितो आणि रात्रीही राबतो.

इथे माझ्या पहिल्या प्रश्नाशी आपण येतो. उमेदवार हा विद्यार्थी की कामकरी? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने सांगितले की शिकाऊ हा कामगार नव्हे. या एका वाक्याच्या आडोशाने कितीतरी कारखान्यांत, आपल्या आसनगाव-मुरबाडच्या औद्योगिक पट्ट्यातही, यंत्रे शिकाऊंच्या हातावर चालवली गेली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. रुग्णालयातला निवासी डॉक्टर याच दोन पाटांवर पाय ठेवून उभा आहे. काम मोजावयाचे म्हटले की त्याला सांगतात, "तू विद्यार्थी आहेस." शिकण्यासाठी वेळ मागितला की सांगतात, "वॉर्ड कोण सांभाळणार?"

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली अठरा वर्षांची एक मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्या बापाने विचारले की, तिला पाहणारे निवासी डॉक्टर किती वेळ जागे होते? त्या प्रश्नातून चौकशी झाली आणि १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. आपल्याकडे केंद्र सरकारने १९९२ साली निर्देश काढले की, सलग काम साधारणपणे दिवसाला १२ तासांहून अधिक नसावे. कागद चांगला होता. परंतु मोजणारा कोणी नसेल तर मर्यादा ही भिंतीवरची पाटी ठरते. ऑगस्ट २०२४ मध्ये कलकत्त्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रदीर्घ पाळीनंतर सभाकक्षात विसावलेल्या निवासी डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, तेव्हा साऱ्या देशाला कळले की या मुलींना पाठ टेकावयाला खोलीसुद्धा नसते. निवासी म्हणावयाचे आणि निवास द्यावयाचा नाही, असा हा व्यवहार आहे.

कोणी म्हणेल, "भाऊ, डॉक्टरांची गाऱ्हाणी डॉक्टर पाहतील, आमच्या पोरांचे काय?" मी सांगतो, दोन्ही प्रश्न एकच आहेत. थकलेल्या हाताने चार वर्षांच्या मुलाच्या तोंडात हत्यार घालू नये, एवढे साधे हे आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याला केवळ मुंबईच्या वॉर्डात राबवले जाते, तो शहापूर-मुरबाड पाहणार कधी?

पुन्हा एकदा मेरीलँडकडे चला. फेब्रुवारी २००७ मध्ये त्या राज्यातला बारा वर्षांचा एक गरीब मुलगा दाताच्या पुवामुळे मेला. जंतू मेंदूपर्यंत गेले. दोन शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक आठवडे तो रुग्णालयात होता, खर्च सुमारे अडीच लाख डॉलर झाला. दात वेळेवर काढला असता तर सुमारे ८० डॉलर लागले असते. जिथे जगातले पहिले दंत महाविद्यालय निघाले, जिथे निवासी डॉक्टरांची पद्धत जन्मली, त्याच राज्यात हे घडले. विद्या होती, उमेदवार होते, रुग्णालये होती. पण त्या मुलाच्या दारापर्यंत त्यातले काही वेळेवर पोहोचले नाही. आमची वीटभट्टीवरची पोर त्याच वाटेने निघाली होती. तिला वेळेवर लोकल मिळाली, एवढाच फरक.

आपल्या दोन तालुक्यांचे चित्र आपणांस ठाऊक आहे. तानसा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते. आपले रोगीही त्याच दिशेने जातात. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाड, टोकावडे, खर्डी येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी ठरली आणि तीत दातांचे आजारही धरले गेले. आश्रमशाळेत पथक येते, कागदावर 'दंतक्षय' अशी नोंद होते. पण नोंद म्हणजे उपचार नव्हे. पाड्यावर पाच रुपयांचा बिस्किटपुडा पोहोचला, ब्रश पोहोचला नाही. आया मशेरी लावतात आणि पोरे ते पाहून शिकतात.

यावर उपाय म्हणून प्रत्येक तालुक्याला एक बालदंततज्ज्ञ द्या, अशी मागणी मी करणार नाही. टाळ्या मिळतील, तज्ज्ञ मिळणार नाही. इतिहास पाहता मला तीन गोष्टी शक्य वाटतात.

पहिली, न्यूझीलंडने १९२१ साली केलेली. त्या देशाने दोन वर्षांचे शिक्षण देऊन शाळेतील दंत परिचारिका तयार केल्या. त्या शाळेतच मुलांचे दात भरू लागल्या. तेव्हा दंतवैद्यांपैकी काहींनी नाके मुरडली, पण मुलांचे दात वाचले. आज तर विजेविना, केवळ हातहत्यारांनी किडलेला भाग खरवडून सिमेंट भरण्याची पद्धत आहे. १९८०नंतरच्या दशकात टांझानियात ती आकाराला आली. कीड थांबवणारे चांदीचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते आणि ते सिमेंट आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. किन्हवली-धसईच्या शाळेच्या ओसरीवरही हे काम होऊ शकते.

दुसरी गोष्ट, उमेदवारांना इकडे आणणे. २०२० साली एमडी, एमएस करणाऱ्यांसाठी तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करण्याचा नियम झाला. दातांच्या शाखेसाठी तो नव्हता. बालदंतवैद्यकाच्या उमेदवाराने तीन महिने शहापूरच्या रुग्णालयात काढावेत, आणि ठरलेल्या दिवशी तिथे भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह मुलांच्या दातांसाठी राखून ठेवावे. मात्र उमेदवाराला रिकाम्या खोलीत, हत्यारांविना पाठवणे ही ना त्याची सोय ना आपली. वरिष्ठाची देखरेख नसेल तर ती उमेदवारी होत नाही. ती वेठ होते.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्याची. त्याचे तास मोजा, त्याला विद्यावेतन वेळेवर द्या, झोपावयाला दाराला कडी असलेली खोली द्या. आणि भट्टीमालकाने मुलाच्या आजारपणाचा खाडा उचलीत चढवू नये, हे ठरावात लिहून घ्या. दात दुखण्याच्या पहिल्याच दिवशी बाप मुलाला घेऊन निघू शकला, तर निम्म्या मुलांना मुंबई गाठावी लागणार नाही, असे माझे मत आहे.

बंधु-भगिनींनो, कामगार चळवळीने आम्हांला एक गोष्ट शिकवली: जे मोजले जात नाही ते फुकट घेतले जाते. त्या डॉक्टर मुलीचे तास कोणी मोजले नाहीत, आणि आमच्या पाड्यावरच्या पोरांचे दातही कोणी मोजले नाहीत. म्हणून माझी विनंती एवढीच की, आज घरी गेल्यावर आपल्या नातवंडांना दिव्याजवळ बसवा आणि त्यांचे तोंड उघडून पाहा. उद्या आपल्या गावच्या आश्रमशाळेत जाऊन विचारा की, तपासणीत ज्या मुलांच्या नावापुढे खूण झाली त्यांपैकी कितीजणांवर उपचार झाले. उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारा. ती मुलगी आता सहा वर्षांची आहे. तिला पहिली कायमची दाढ आली आहे, आणि ती मी स्वतः पाहिली आहे. ती दाढ टिकवणे हे यापुढे तिच्या एकटीचे काम राहू नये, यासाठी हे व्याख्यान.